चढणाऱ्याला वाट

भुईबावडा घाटात खारेपाटणकडून भरलेला ट्रक वर येतोय आणि गगनबावड्याहून रिकामा खाली निघालाय. वळण अरुंद. थांबायचं कुणी? अवजड गाड्यांच्या ड्रायव्हरांना शिकवताना मी सुरुवात याच प्रश्नाने करतो. ‘जो आधी घुसला त्याचा रस्ता’, हे ठरलेलं उत्तर. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमावलीप्रमाणे अशा जागी उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेली गाडी चढाला अडली की पुन्हा उचलताना क्लच प्लेट जळते, आणि ती मागे सरकली तर पाठीमागच्या मोटारसायकलवाल्याचं काही खरं नसतं.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे तर पैशाला पासरी. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर हवा भरत नाही. प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते, लायनर तापून पकड सोडतात, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात नवले पुलावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली, तेव्हाही उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं तपासात पुढे आलं. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. आजही मी यापेक्षा वेगळं काही शिकवत नाही.

मागच्याला ‘जा पुढे’ म्हणून उजवा इंडिकेटर द्यायची आपल्याकडची पद्धत मला मात्र अजिबात मान्य नाही. तोच दिवा ‘मी उजवीकडे वळतोय’ असंही सांगतो. मागच्याने भलता अर्थ घेतला की संपलं. वेग कमी करून डावी बाजू धरा, त्याला समोरचं दिसू द्या, निर्णय त्याचा.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कागल-शिरोळपासून सगळे रस्ते उसाचे होतात. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणी अशी की हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. ट्रकवाल्याने इथे अंतर ठेवायचं आणि मागे अप्पर न मारता डिपर वापरायचा. चिडून साइड मारणाऱ्याला मी गाडी देणार नाही.

सगळं ड्रायव्हरच्या माथी मारणं मालकांना सोयीचं जातं. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्यांना तो लागूच नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन ट्रकांचे मालकच जास्त. ‘सकाळी वाशी मार्केटला माल पोचला पाहिजे’ म्हणून रात्री फोन करणाऱ्याला शिकवायचं कुणी?

एक गोष्ट मात्र मालकाच्या परवानगीशिवाय करता येते. घाटात गाडी बंद पडली की चाकामागे दगड लावतात, मागे दगडांची रांग आणि झाडाची फांदी ठेवतात. गाडी सुरू झाली की ड्रायव्हर निघून जातो, दगड तिथेच. रात्री दुचाकीवाला त्यावरच आपटतो. म्हणून माझ्याकडे शिकलेल्या क्लीनरला एक काम पक्कं नेमून दिलेलं असतं: दगड उचलून कडेला टाकल्याशिवाय केबिनमध्ये चढायचं नाही.