वेस गेली, नाव राहिले

राजूरच्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही जालन्यास आलो व तेथून रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालो. बरोबर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचा सारा जन्म मराठवाड्यात गेला. वेस म्हटली म्हणजे शेजारचे मारुतीचे देऊळ, सायंकाळचा दिवा आणि ओट्यावर बसलेली वृद्ध मंडळी हे चित्र त्यांच्या मनात पक्के. मुंबईच्या स्थानकांची नावे निघाली, तेव्हा त्यांनी सहज विचारले, "चर्चगेट म्हणजे वेसच ना रे? मग ती पाहावयास मिळेल का?"

ती वेस आता नाही. सेंट टॉमसचे प्रार्थनामंदिर 1718 साली उघडले. त्याच्यावरून त्या दरवाजास नाव पडले. अपोलो गेट व बझार गेट हे त्याचे सोबती. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा इंग्रजांच्या उरात धडकी भरली व तटाबाहेर खंदक खणण्यात आला. त्यासाठी व्यापाऱ्यांनीही पैसा दिला. परक्यांची सत्ता त्या तटात होती, तशी मराठ्यांची धास्तीही होती. पुढे भय सरले, शहर वाढले, आणि 1862 साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत तट व दरवाजे पाडण्यात आले. चर्चगेट होते त्या परिसरात आज फ्लोरा कारंजे आहे. नाव तेवढे रेल्वेच्या स्थानकाने जतन केले.

तरीही मातोश्रींस दाखविण्याजोगे काही उरले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूस, 1769 सालच्या फोर्ट जॉर्जचा लहानसा अवशेष उभा आहे. त्यात राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची कचेरी आहे. महाराष्ट्रातील जुन्या वास्तूंची काळजी वाहणारे खाते स्वतःच एका जुन्या वास्तूत नांदते, हा योग मोठा मार्मिक होय.

मातोश्री बाहेरूनच त्या दगडी भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "येथे माणसांचा वावर आहे, म्हणून हे राहिले."

हे ऐकून मी वरमलो. आमच्या गावची वेस मालमोटारींस अडचणीची होते, म्हणून ती पाडावी असे मागील वर्षी ठरत होते, आणि त्या ठरावास मीही मान डोलावली होती. रिकाम्या वास्तूचा कौल सरकला तर कोणाच्या ध्यानी येत नाही. जेथे कोणी रोज येऊन बसतो, तेथे पहिल्या पावसातच गळती कळते व डागडुजी होते. वेशीवरील खोलीत गावचे वाचनालय सहज मावेल. मालमोटारींस बाजूने वाट काढून देता येईल.

गावी परतताच मी पंचांस तसे पत्र दिले. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तोवर वेशीत दिवा लावण्याचे काम मातोश्रींनी आपल्याकडे घेतले आहे.