"बाबांना काही सांगू नका" आणि तीन पुस्तकं



एरवी इथे मी बीपी, शुगर, थायरॉइड अशा विषयांवर लिहितो. आज थोडं पुस्तकांबद्दल. गेल्या काही आठवड्यांत तीन पुस्तकं वाचून संपवली. एक छोटी कादंबरी, बाकीची दोन सत्यकथनं. तिन्हींचा विषय गंभीर आजार. तुम्हाला ती सांगावीशी वाटली, कारण त्यांचा संबंध एका नेहमीच्या वाक्याशी आहे. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो आणि मुलगा किंवा सून आधी आत येऊन हळू आवाजात म्हणते, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं. हाय खातील." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. प्रश्न असा, की त्याने बाबांचं भलं होतं का?

पहिलं पुस्तक टॉलस्टॉयचं, १८८६ सालचं 'द डेथ ऑफ इव्हान इलिच'. नायक रशियातला न्यायाधीश. नव्या घरात पडदे लावताना शिडीवरून घसरतो, कुशीला मार लागतो. पुढे तिथे दुखायला लागतं, तोंडाला वाईट चव येते, माणूस खंगत जातो. डॉक्टर मूत्रपिंड की आतडं यावर वाद घालतात आणि निदान शेवटपर्यंत होत नाही. आमच्यातले बरेच जण वाचताना आपलं निदान करू पाहतात. माझ्या मते तो खटाटोप व्यर्थ आहे. टॉलस्टॉयला दाखवायचं आहे ते वेगळंच. इव्हानला दुखण्याइतकंच छळतं ते घरच्यांचं नाटक. तो मरतोय हे सगळ्यांना कळलेलं असतं, त्यालाही कळलेलं असतं, पण सगळे 'होशील हं बरा' असंच वागत राहतात. त्याला खरा आराम मिळतो तो गेरासिम नावाच्या खेडवळ नोकराकडून. तो त्याचे पाय तासन् तास आपल्या खांद्यावर धरून बसतो आणि एकदाही खोटं बोलत नाही.

आपल्याकडे वेगळं काय होतं? फाईल लपवली, तरी केमोच्या वॉर्डात नेलेल्या माणसाला काय कळायचं ते कळतंच. मग तो मुलांसाठी गप्प बसतो, मुलं त्याच्यासाठी गप्प बसतात. बँकेचं काम, शेताची वाटणी, एखाद्या भावाशी धरलेला अबोला, सगळं बोलायचं राहून जातं.

दुसरं पुस्तक डॉ. अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल', २०१४ सालचं. गवांदे अमेरिकेतले सर्जन, पण घराणं महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यातलं. तिथल्या आजोबांचं, जवळजवळ ११० वर्षं जगलेल्या सीतारामपंतांचं वर्णन वाचताना मजा येते. वृद्धाश्रमांबद्दलचा भाग मात्र मला लांबलेला वाटला, आणि तो अमेरिकेच्या व्यवस्थेत जास्त अडकलेला आहे. खरं पुस्तक त्यानंतर सुरू होतं. त्यांचे वडील, तेही सर्जन, यांच्या मानेतल्या मज्जारज्जूत गाठ निघते. एक सर्जन लगेच ऑपरेशन म्हणतो. दुसरा आधी त्यांची भीती काय, त्यांना काय जपायचं आहे, हे ऐकून घेतो. वडील थांबायचं ठरवतात आणि हात चालतात तोवर काम करत राहतात.

या पुस्तकातला आणखी एक प्रसंग लक्षात राहिला. एक म्हातारे प्राध्यापक मोठ्या ऑपरेशनआधी मुलीला सांगतात, की चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला, तर मी जगायला तयार आहे. पुढे गुंतागुंत झाल्यावर तिला निर्णय घ्यायला तेवढं वाक्य पुरतं. वडील त्यानंतर आणखी दहा वर्षं जगले.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, धाप, भीती कमी करणारे उपचार, याबद्दलही इथे छान समजावलं आहे. 'आता काही उरलं नाही' असं झाल्यावरच ते द्यायचे, हा मोठा गैरसमज. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरात पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचं जगणं तर सुसह्य झालंच, पण आयुष्यही वाढलं: ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये याचा स्वतंत्र विभाग आहे. जरूर विचारा.

आता हे ११.६ महिने म्हणजे काय? तेवढ्या काळानंतर निम्मे पेशंट हयात होते, काही तर पुढेही बराच काळ. तुमच्या माणसाचं काय होणार, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तिसऱ्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. डॉ. पॉल कलानिधी, न्यूरोसर्जन, वय ३६, फुफ्फुसाचा कॅन्सर. 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २०१६ साली आलं. किती दिवस उरले, हे ते आपल्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारतात. त्या आकडा देत नाहीत, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते विचारतात. गाठीतल्या जनुकीय बदलामुळे त्यांना केमोऐवजी रोजच्या गोळीवर ठेवता येतं, आणि ते काही काळ पुन्हा ऑपरेशनं करतात. सुरुवातीचा शिक्षणाचा भाग मला संथ वाटला. पत्नी ल्यूसी यांनी लिहिलेला शेवट सर्वांत सच्चा. घरात सध्या कोणी गंभीर आजारी असेल, तर हे पुस्तक आत्ता नको. गवांदेंचं आधी घ्या.

एका बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या घरांत निर्णय एकट्या पेशंटचा नसतो, आणि सगळं सत्य एका बैठकीत अंगावर फेकणं हेही बरोबर नाही. काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही. तेव्हा बाबांना घेऊनच आत या, आणि घरी आधी एवढं विचारा: "तुम्हाला आजाराबद्दल किती सांगितलेलं आवडेल? सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? काय करता आलं तर बरं वाटेल?" उत्तर यायला वेळ लागेल. मध्ये बोलू नका, थांबा.

काळजी घ्या.