पंधरा पळांचे अंतर

आपल्या गावाचा अभिमान कोणास नसतो? आम्हांसही तो होता, आणि लहानपणी तो अंमळ अधिकच होता. आमचे गाव वाशीम. प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. परंतु आमच्या अभिमानाचे मूळ त्या राजधानीत नसून मध्यमेश्वराच्या देवळात होते. जुने ज्योतिषी ज्या रेषेपासून स्थळांचे पूर्व-पश्चिम अंतर मोजीत, ती मध्यरेषा येथून जाते, म्हणून हा मध्यमेश्वर, अशी गावात समजूत आहे. पाहुण्यांस पद्मतीर्थ दाखवून झाले की आमचे आजोबा त्यांस या देवळाकडे नेत आणि म्हणत, "आपण आता पृथ्वीच्या मध्यरेषेवर उभे आहोत." हे वाक्य ऐकताना आमची छाती फुगत असे.

ही समजूत निराधार नव्हे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळे सांगितली आहेत. त्यांत अवंती, म्हणजे उज्जयिनी आहे, आणि वत्सगुल्मही आहे. 'लीलावती'कार भास्कराचार्य यांच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झाले. सर्व जगाने ग्रीनिचची रेषा मूळ मानण्याचा ठराव तर १८८४ साली झाला.

पुढे शाळेत नकाशा वाचण्यास शिकलो, आणि एके दिवशी आमचे बोट अडखळले. उज्जयिनीचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, तर वाशीमचे ७७ अंश ८ कला! दोन्ही गावे एका रेषेवर असती तर हे आकडे सारखे हवे होते. आम्ही घरी धावत गेलो आणि चार माणसांदेखत म्हणालो, "आजोबा, तुमची रेषा खोटी आहे. नकाशात तसे छापले आहे." आजोबांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, "छापले आहे, हे तू सांगितलेस. तू मोजलेस काय?"

आम्ही निरुत्तर झालो.

उन्हाळ्याची सुटी लागली होती. अंगणात चार फूट उंचीची सरळ काठी आम्ही ओळंबा लावून रोवली. आमचे मामा तेव्हा उज्जयिनीस राहत. त्यांसही पत्र लिहून २१ मे रोजी तसाच शंकू रोवण्याची विनंती केली. दोघांची घड्याळे रेडिओवरील वेळेच्या ठोक्यांशी जुळवावयाची, असे ठरले.

वाशीम सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे २० किंवा २१ मेच्या सुमारास सूर्य भर माध्यान्ही डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी घड्याळात बारा वाजले, तरी काठीची सावली पश्चिमेस चार-पाच बोटे उरलेलीच! आम्ही खट्टू झालो. पण ही चूक सूर्याची नव्हती, आमची होती. आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेने. आमचे गाव त्याच्या बरेच पश्चिमेस. बारा वाजून अठरा मिनिटे झाली आणि सावली काठीच्या पायाशी विरून गेली.

तथापि डोळ्यांच्या अंदाजावर आम्ही विसंबलो नाही. शंकूभोवती एक हात त्रिज्येचे वर्तुळ काढून ठेवले होते. सकाळी सावलीचे टोक आत येताना १० वाजून ५० मिनिटांनी त्या वर्तुळास टेकले, आणि दुपारी बाहेर जाताना १ वाजून ४६ मिनिटांनी. दोहोंचा मध्य बरोबर १२ वाजून १८ मिनिटे. आपल्या पूर्वजांनी वापरलेली रीत ती हीच.

त्या रात्री आजोबांनी आम्हांस गच्चीवर नेले. आजी ज्यांस 'बाज' म्हणे, ते सप्तर्षी उत्तरेस उंच आले होते. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पाचपट वाढवून त्यांनी ध्रुव दाखविला. हात लांब करून मूठ धरली, तर ती सुमारे १० अंश आकाश झाकते. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर होता. म्हणजे अक्षांश २०. आजोबा म्हणाले, "उत्तर-दक्षिण अंतर एका जागी बसून कळते. पूर्व-पश्चिम अंतरास मात्र दोन गावांची वेळ ताडून पाहावी लागते." पूर्वी त्यासाठी चंद्रग्रहणाची वाट पाहत. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. ते कोणत्या गावी किती घटिका रात्र झाली असता लागले, हे पाण्यावरील घटिकापात्राने मोजीत आणि फरकावरून अंतर काढीत.

आठवड्याने मामांचे पत्र आले. उज्जयिनीचा माध्यान्ह १२ वाजून २४ मिनिटांनी! आजोबांनी चष्मा लावून स्वतः वजाबाकी केली, घड्याळे नीट जुळवली होती ना, हे दोनदा विचारले, आणि म्हणाले, "सहा मिनिटे, म्हणजे पंधरा पळे. आपले गाव रेषेच्या पूर्वेस आहे." नकाशावरून गणित केल्यास साडेपाच मिनिटे येतात, उरलेले अर्धे मिनिट आमच्या जाड सावलीचे.

पुढल्या महिन्यात पाहुणे आले. आजोबा त्यांस मध्यमेश्वराकडे घेऊन गेले. आम्ही मागे खालमानेने चालत होतो. देवळापाशी ते थांबले आणि म्हणाले, "पूर्वीचे ज्योतिषी मध्यरेषा येथून जाते असे मानीत. आमच्या नातवाने मोजले. पंधरा पळांचा फरक येतो. ग्रहणे पाहून आणि पाण्यात वाटी बुडवून तेराशे वर्षांपूर्वी एवढ्या जवळ येणे ही काही लहान गोष्ट नव्हे." सत्तरी उलटलेल्या त्या वृद्धाने जन्मभराचे आपले वाक्य आमच्या देखत बदलले. चार माणसांदेखत आम्ही त्यांना दुखविले होते. चार माणसांदेखतच त्यांनी आमचा मान केला.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा आम्हांस ती काठी आठवली. तेथे सूर्य उगवण्याची वेळ साधूनच ते उतरविले होते. कारण यानास कामाला आपले सुमारे चौदा दिवस टिकणारा एकच चांद्रदिवस मिळावयाचा होता. साधने बदलली; सूर्य कोठे आहे हे आधी नेमके मोजावे लागते, हे बदलले नाही.

विद्यार्थिमित्रहो, काठी, दोरी आणि घड्याळ तुमच्याही घरी आहे. येत्या मे महिन्यात एक दुपार अंगणात घालवा. मात्र सूर्याकडे पाहू नका, सावलीकडे पाहा. आणि वडील माणसांची एखादी गोष्ट चुकीची वाटली, तर ती खोटी म्हणण्यापूर्वी मोजून पाहा. मोजून झाल्यावर त्यांस वजाबाकी करावयास बोलवा.