दादांचा जमाखर्च

ज्याच्या कीर्दीत स्वतःच्या नावे पडलेला खर्च क्वचितच सापडतो, अशा मनुष्याविषयी मला नेहमी आदर वाटत आला आहे आणि थोडी धास्तीही. आदर त्याच्या निग्रहाचा, आणि धास्ती त्या निग्रहाचे फळ निर्वेधपणे उपभोगणाऱ्या आपणा आप्तस्वकीयांची. फिलिप व्हेरा क्रूझ यांचे जीवनवृत्त वाचताना ती धास्ती पुन्हा जागी झाली.

25 डिसेंबर 1904 रोजी फिलिपीन्सच्या इलोकोस सुर प्रांतात जन्मलेले हे गृहस्थ 1926 साली अमेरिकेस गेले ते शिक्षणाच्या इराद्याने. परंतु मागे धाकटी भावंडे होती, त्यांच्या शाळेचा खर्च होता, आणि म्हणून पेट्यांच्या कारखान्यात, उपाहारगृहात, शेतावर जे मिळेल ते काम करावे व उरेल ते गावी रवाना करावे, असा जो शिरस्ता पडला तो वर्षानुवर्षे चालू राहिला. स्वतः महाविद्यालयाची पायरी चढून वर्षभरात उतरले. भावंडे मात्र शिकली. त्यांच्या इलोकानो भाषेत थोरल्या भावाला ‘मनोंग’ म्हणतात. त्या पिढीच्या सगळ्याच फिलिपिनो मजुरांना पुढे हे संबोधन लागले, आणि ते अक्षरशः खरे होते, कारण त्यांतल्या बहुतेकांना कोणाचा तरी दादा होता आले, पण कोणाचा बाप होणे साधले नाही.

हा दैवाचा खेळ नव्हता, कायद्याचा होता. फिलिपीन्सवर अमेरिकेचा अंमल असल्याने हे लोक कागदोपत्री परके ठरत नव्हते, पण नागरिकही नव्हते. त्यांच्यात स्त्रिया फारच थोड्या. कॅलिफोर्नियाने 1933 साली ‘मलाय’ वंशीयांचा गोऱ्यांशी विवाह निषिद्ध केला, ती बंदी न्यायालयाने 1948 पर्यंत उठवली नाही. आणि 1934 च्या कायद्याने त्यांच्या देशातून येऊ शकणाऱ्यांची संख्या सालीना 50 वर मुक्रर झाली. कंबरेत वाकून अ‍ॅस्परॅगसचे कोंब कापणारा, उन्हाने तापलेल्या द्राक्षमळ्यात घड खुडणारा आणि रात्री मळेवाल्याच्या बराकीत दहाजणांत निजणारा हा कुटुंबवत्सल पुरुष. पण कुटुंब करण्याची मुभा त्याला नव्हती.

फिलिपीन्सच्याच तागालोग भाषेत ‘उतांग ना लोओब’ असा एक प्रयोग आहे. त्याचा भावार्थ अंतर्यामीचे ऋण. शब्द सुंदर आहे, आणि म्हणूनच मला तो किंचित संशयास्पद वाटतो, कारण असले ऋण फेडणाराच काय तो आठवणीत ठेवतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने दरमहा येणारी रक्कम हळूहळू पावसासारखी होते, आली तर आपली, न आली तर तक्रार. व्हेरा क्रूझ यांच्या घरी असेच झाले असे माझे म्हणणे नाही. पण मनीऑर्डरीवर चाललेली घरे आपणही पाहिली आहेत.

त्यांच्या चरित्रातला खरा उत्कर्ष आला तो मात्र साठीत. 8 सप्टेंबर 1965 रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी, व्हेरा क्रूझही त्यांच्यातच, तासाला 1.40 डॉलर मजुरीसाठी द्राक्षांची तोड थांबवली, आठवड्याभराने सीझर चावेझ यांचे मेक्सिकन मजूर येऊन मिळाले, आणि जवळजवळ पाच वर्षांनी मळेवाले करारावर सह्या करावयास राजी झाले. ज्याने आयुष्यभर रक्ताच्या नात्यासाठी कष्ट उपसले, त्याने उतारवयात बिनरक्ताची भावकी जमवली. दोन्हीकडच्या मजुरांच्या संयुक्त संघटनेचे उपाध्यक्षपद व्हेरा क्रूझ यांच्याकडे आले. 1974 साली डेलानोत निराधार झालेल्या म्हाताऱ्या मनोंगांसाठी, धरण्यावर असताना मृत्यू पावलेल्या पावलो आग्बायानी यांच्या नावाने, वसाहत उभी राहिली: मध्ये अंगण, राहण्यास स्वतंत्र खोल्या. बराकीत हयात घालवलेल्याला खोलीचे मोल काय असते, हे आपण घरबसल्या काय सांगावे!

1977 साली चावेझ फिलिपीन्समध्ये मार्कोस यांच्या हुकूमशाहीचे पाहुणे झाले, तेव्हा व्हेरा क्रूझ यांनी उपाध्यक्षपद सोडले. पैसे पाठवणे म्हणजेच मायदेशाशी नाते, असे मानणाऱ्याला हे सुचले नसते.

गाव सोडले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुन्हा पाहिले ते साठाहून अधिक वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावर. राहण्यासाठी मात्र ते गेले नव्हते. 1994 साली त्यांनी देह ठेवला, तो कॅलिफोर्नियातच.