पुरलेले

वाक्प्रचार शिकवताना मी दरवर्षी ‘जुनी मढी उकरणे’ फळ्यावर लिहिते आणि अर्थ सांगते : विस्मरणात गेलेल्या अप्रिय गोष्टी पुन्हा बाहेर काढणे. जे पुरले ते संपले, आता त्याला हात लावू नये, असे या वाक्प्रचारामागचे शहाणपण आहे. मातीवर आपला मोठा विश्वास. ‘मातीला मिळणे’ काय किंवा ‘मूठमाती देणे’ काय, आपल्या भाषेतली माती शेवटाची हमी देते. ही हमी खरी नाही, हे मला प्रथम कळले ते सायबेरियातल्या एका बातमीमुळे, आणि दुसऱ्यांदा आमच्याच शेताच्या कोपऱ्यात.

रशियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागरात घुसलेला यमाल नावाचा द्वीपकल्प आहे. तिथल्या नेनेत्स लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थच ‘भूमीचे टोक’ असा होतो. हे लोक रेनडियरचे कळप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या भटकत आले आहेत. तिथल्या मातीची खोलवरची बाजू बारमाही गोठलेली असते. वरचा थर मात्र उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा दगडासारखा होतो. २०१६च्या जुलैत तिथे पारा ३५ अंशांच्या आसपास गेला. वितळणारा थर नेहमीपेक्षा खोल गेला आणि कळपांतली जनावरे पटापट कोसळू लागली. दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले, छत्तीस माणसांना लागण झाल्याचे निश्चित झाले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. रोग होता अँथ्रॅक्स. त्या भागात तो यापूर्वी दिसला होता १९४१ साली. मधली पंचाहत्तर वर्षे त्याचे नाव नव्हते.

पंचाहत्तर वर्षे तो होता कुठे? उत्तर रॉबर्ट कॉख यांनी १८७६ सालीच देऊन ठेवले होते. या रोगाचा जंतू जनावराच्या रक्तात असतो तेव्हा काठीच्या आकाराचा आणि तसा नाजूक असतो. मृत देह न फाडता तसाच राहिला, तर कुजण्याच्या क्रियेत तो बहुधा नष्ट होतो. परंतु देह फाटला, रक्त बाहेर सांडले, हवा लागली आणि अन्न संपले, की तो आपला सारा ऐवज एका जाड कवचात बांधून घेतो. हा झाला बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, नुसता असतो. ऊन, दुष्काळ, बर्फ यांपैकी कशाचेही त्याला फारसे वाटत नाही. एखाद्या चरणाऱ्या जनावराच्या पोटात गेला, की तो कवच टाकतो आणि जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करतो.

थंडीविषयीची आपली समजूत इथे उघडी पडते. थंड म्हणजे स्वच्छ, गोठलेले म्हणजे मेलेले, असे आपण धरून चालतो. वास्तविक थंडी मारण्यापेक्षा राखण्याचे कामच अधिक करते. सगळ्याच जंतूंना त्यासाठी कवच लागते असेही नाही. १९८१ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतांत लिस्टेरिया नावाच्या जंतूने एक्केचाळीस जण आजारी पडले. त्यांतली चौतीस प्रकरणे गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अर्भके यांची होती. माग काढला तेव्हा तो एका कोबीच्या शेतापर्यंत पोचला. शेताला मेंढ्यांचे लेंडीखत घातले होते, त्या मेंढ्यांत हा रोग होऊन गेला होता आणि कोबी हिवाळाभर थंड कोठारात साठवला होता. लिस्टेरिया बीजाणू करीत नाही. पण इतर जंतू ज्या गारठ्यात थबकतात, त्यात तो सावकाश वाढत राहतो. कोबी टिकावा म्हणून केलेली व्यवस्था त्याच्याही उपयोगी पडली.

आता आमच्या शेताविषयी. गेल्या वर्षी माणदेशातून धाकट्या भावाचा फोन आला. शेततळे घ्यायचे ठरले होते. “ताई, खालच्या कोपऱ्यात घेतोय. तिथं जमीन खोलगट हाय, पाणी आपसूक येतं.” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि रात्री अचानक उठून बसले.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमचा एक बैल सकाळी गोठ्यात मेलेला आढळला. आदल्या संध्याकाळी तो नीट वैरण खात होता. नाकातून काळपट रक्त येत होते आणि ते गोठत नव्हते. गुरांच्या डॉक्टरांनी दुरूनच पाहिले आणि एकच शब्द उच्चारला : ‘फाशी’. तो रोगाचा शब्द आहे हे मला ठाऊक नव्हते. बैलाला कोणी फाशी दिली, या विचाराने मी रडले होते. देह फाडायचा नाही, कातडे काढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. वडिलांनी खालच्या कोपऱ्यात खोल खड्डा घेतला, चुना टाकला आणि बैल अखंड पुरला.

कातडे सोलायला आलेल्या वृद्ध गृहस्थांना वडिलांनी बांधावरूनच परत पाठवले. कारण सांगितले नाही. गोठ्यात रोग शिरल्याचा बोभाटा झाला तर दूध कोण घेणार, ही भीती. ते गृहस्थ अपमान झाल्यासारखे निघून गेले. मेलेली गुरे ओढणे आणि सोलणे ज्यांच्यावर जातीने लादले गेले, त्यांच्याच हातावर ‘काळपुळी’ उठत आली. हाच रोग माणसाच्या कातडीवर उमटतो तेव्हा त्याचे नाव ते. वडिलांनी त्यांना वाचवले हे खरे. पण ते त्यांना कळू दिले नाही, हेही तितकेच खरे.

वडील गेले. भाऊ तेव्हा रांगत होता. म्हणजे त्या खड्ड्याची माहिती जगात फक्त माझ्याजवळ उरली होती आणि मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला होता.

यमालमध्ये याहून वेगळे काय घडले? तिथे रेनडियरना लस टोचली जात असे. रोग कित्येक दशकांत दिसला नाही म्हणून २००७ साली ती थांबवण्यात आली. नऊ वर्षांनी कळपच्या कळप उघडे सापडले. उष्णतेने दार उघडले असेल. पण आतला पहारेकरी माणसांनीच घरी पाठवला होता. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंतला फरक विसरण्याची ही किंमत. त्या उन्हाळ्यानंतर लसीकरण पुन्हा सुरू झाले.

मी पहाटेच भावाला फोन केला. तो आधी हसला. “पस्तीस वर्सं झाली की गं!” मग मी यमालचे सांगितले. पशुवैद्यकांनी तिथे खणू नका असे स्पष्ट सांगितल्यावर तळे वरच्या अंगाला गेले. पाणी चढवायला पाइप लागला आणि खर्च वाढला, हे भाऊ अजून ऐकवतो.

त्या कोपऱ्याची नोंद कुठे करावी, हा प्रश्न मात्र राहिला. सातबाऱ्यावर पीक, विहीर, झाडे यांना रकाने आहेत; पुरलेल्या बैलाला रकाना नाही. शेवटी दिवाळीत गेले तेव्हा भाच्याला सोबत घेऊन त्या जागी गेले, सारी हकिकत सांगितली आणि दोघांनी मिळून चार मोठे दगड रोवले. त्याने विचारले, “आत्या, हे किती वर्षं लक्षात ठेवायचं?”

“तुझ्या मुलाला सांगेपर्यंत,” मी म्हटले. यापेक्षा नेमके उत्तर माझ्यापाशी नव्हते.