शेऱ्याचा रकाना

कारकुनाचे आयुष्य रकान्यांत जाते असे लोक म्हणतात, आणि त्यात काही वावगे नाही. आम्ही पदवी घेतली, स्पर्धापरीक्षा दिली, केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालो आणि त्याच दिवसापासून उभ्या-आडव्या रेघांच्या राज्याचे प्रजाजन झालो. कधी तिमाही विवरणपत्र, कधी वार्षिक गोषवारा, कधी स्मरणपत्रावर स्मरणपत्र आले म्हणून घाईघाईने धाडलेला निरंक अहवाल. पूर्वी हे रकाने कागदावर आखावे लागत. आता ते पडद्यावर आखलेलेच येतात, इतकाच काय तो फरक.

परंतु या व्यवसायाने आम्हांला एक शहाणपण दिले आहे. विवरणपत्र हाती आले की नवखा मनुष्य तळाची बेरीज पाहतो. मुरलेला कारकून उजवीकडचा शेवटचा रकाना पाहतो. त्या रकान्याला 'शेरा' म्हणतात. इतर रकाने काय झाले ते सांगतात. का झाले हे सांगायला साऱ्या कागदावर तेवढी एकच जागा असते. 'दोन पदे रिक्त', 'पुरामुळे रस्ता बंद', 'यंत्र नादुरुस्त. मागणी पाठविली आहे' अशा दोन-चार शब्दांनी अख्ख्या आकड्याचा अर्थ पालटतो. ज्याच्यावर ठपका यायचा तो सुटतो आणि ज्याची पाठ थोपटायची त्याच्याकडे साहेब जरा निरखून पाहू लागतात.

हे पाल्हाळ लावण्याचे कारण असे, की अलीकडे आमच्या घरीही एक विवरणपत्र येऊ लागले आहे.

गेल्या वर्षी आमची बदली सोलापुराहून बंगळुरास झाली. आमची कन्या तिथे मराठी शाळेत दुसरी उत्तीर्ण झाली होती. इथे ती एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत बसली. या शाळेत प्रगतिपुस्तक नाही. प्रत्येक चाचणीनंतर पालकांच्या मोबाइलवर अहवाल येतो. त्यात विषय असतात, विषयांचे घटक असतात, आणि घटकागणिक दोन स्तंभ असतात: निळा आपल्या पाल्याचा, करडा वर्गाच्या सरासरीचा. शेवटी एक वाक्य असते. आमच्या वेळचे प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दोन-दोन दिवस मुक्काम करी. वडिलांची मुद्रा प्रसन्न आहे असे पाहूनच ते वर येई. ही मुभा आता मुलांना उरलेली नाही. कन्या शाळेच्या बसमध्ये असते तेव्हाच तिचे गुण आमच्या टेबलावर नस्त्यांच्या शेजारी येऊन बसलेले असतात.

म्हणून ही व्यवस्थाच वाईट असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. रकान्यांचे मीठ खाल्ले आहे. त्यांच्याशी बेइमानी कशी करावी? कर्नाटकात सरकारी आणि खाजगी शाळांतील प्रत्येक मुलाला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली त्याचा प्रवेश, त्याची शाळाबदल, वर्षातील चार आकारिक आणि दोन संकलित मूल्यमापनांचे गुण नोंदले जातात. 'स्टुडंट अचीव्हमेंट ट्रॅकिंग सिस्टिम' असे या यंत्रणेचे भारदस्त नाव आहे. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही प्रणाली आली, आणि अलीकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण शिक्षक मोबाइलवरून थेट वर कळवितात. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात देशभरातील सुमारे ३४ लाख मुले एकाच दिवशी तपासली गेली, आणि कोणता जिल्हा गणितात मागे आहे, कोणता भाषेत, हे घरबसल्या पाहता येऊ लागले. ज्या शाळेकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नव्हते, तिचे दुखणे निदान कोठल्या तरी पडद्यावर उमटते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्यातून आपण बदलीवाले. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरील सही, सहीवरील शिक्का आणि शिक्क्यावरील प्रतिस्वाक्षरी यांसाठी ज्याने उन्हातान्हात खेटे घातले आहेत, त्याला मुलाची नोंद मुलाबरोबर प्रवास करते याचे मोल समजावून सांगायला नको. २०२३ पासून 'अपार' नावाचा बारा अंकी क्रमांक देशभर देऊ लागले आहेत. तो राज्याच्या सीमेवर अडत नाही. पण या क्रमांकाबरोबर मुलाचे गुण जातात. मूल कसे आहे हे जात नाही. आमच्या कन्येच्या बाबतीत हे फार लवकर प्रत्ययास आले.

पहिल्या सहामाहीच्या अहवालात तिचे निळे स्तंभ करड्या स्तंभांशी बऱ्यापैकी बरोबरी करीत होते. बेरीज उत्तम, वजाबाकी उत्तम, पाढे तर वर्गाच्या सरासरीहून वर. केवळ एका घटकापुढे निळा स्तंभ जमिनीला टेकला होता: शाब्दिक उदाहरणे, १० पैकी ३. खाली वाक्य होते, की पाल्याला गणिती विचारशक्तीच्या अधिक सरावाची आवश्यकता आहे. आमच्या सौभाग्यवतींनी ते वाक्य दोनदा वाचले आणि मोबाइल उपडा ठेवला. ज्या मुलीला सोलापूरच्या मंडईत भाजीवालीकडून परत घ्यायच्या सुट्ट्या पैशांचा हिशेब आईच्या आधी येई, तिला विचारशक्ती कमी आहे? आणि खुद्द ती मुलगी आठ-दहा दिवस शाळेविषयी चकार शब्द बोलत नव्हती. करडा स्तंभ तिनेही पाहिला होता.

रविवारी आम्ही प्रश्नपत्रिका घेऊन तिच्याजवळ बसलो. झाडावर २४ आंबे होते, ९ खाली पडले. 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' असा पहिलाच प्रश्न. तिने उत्तराची जागा कोरी सोडली होती. आम्ही विचारले, "हे का नाही सोडवलंस?"

ती म्हणाली, "बाबा, चित्रच दिलं नव्हतं. मग डावीकडचे आंबे कसे मोजायचे?"

कवायतीच्या तासाला तिला 'लेफ्ट' म्हणजे डावे एवढे पक्के शिकविण्यात आले होते. आम्ही तोच प्रश्न मराठीत विचारला, 'झाडावर किती उरले?' तेव्हा प्रश्न संपायच्या आत उत्तर आले, "पंधरा." आणि मग आमच्याकडे अशा नजरेने तिने पाहिले, की एवढे सोपे विचारायचे होते तर त्यांनी नीट का नाही विचारले! पुढील सहा उदाहरणांचीही तीच कथा. कोठे 'ऑल्टुगेदर' अडले होते, कोठे 'फ्यूअर'. गणित कोठेच अडले नव्हते.

आता न्यायाने बोलायचे तर अहवाल खोटा नव्हता. दुखते कोठे, हे त्याने बिनचूक दाखविले. तो नसता तर आम्ही त्या प्रश्नपत्रिकेपर्यंत पोचलोच नसतो. चुकले ते खालचे वाक्य. दहातल्या तीन गुणांना कोणते वाक्य जोडायचे हे आधीच ठरलेले असते, आणि ते आपोआप जोडले जाते. म्हणजे शेऱ्याचा रकाना होता. पण तो भरणारे माणूस नव्हते.

पालकसभेच्या दिवशी आम्ही ही हकीकत वर्गशिक्षिकांच्या कानावर घातली. त्या मोडक्या हिंदीत बोलत होत्या, आम्ही मोडक्या कानडीत; त्यामुळे उभयतांना एकमेकांविषयी आपोआपच सहानुभूती वाटत होती. 'लेफ्ट'चा खुलासा ऐकून त्या हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. पर्समधून एक छोटी वही काढून त्यांनी कन्येच्या नावापुढे कानडीत एक ओळ लिहिली. पुढे कन्येकडून कळले, की दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न वर्गात मोठ्याने वाचला आणि प्रत्येकाला आपापल्या घरच्या भाषेत सांगायला लावले. कोणी 'उळिदिदे' म्हणाले, कोणी 'बचे', आमची 'उरले' म्हणाली. वर्गात डावीकडचे आंबे शोधणारी ती एकटीच नव्हती. ती वही कोठल्याही यंत्रणेत नोंदलेली नाही, पण आमच्या लेखी त्या शाळेतील सर्वांत मोलाचे दप्तर तेच.

आकड्यावरून शाळा पारखण्याचा हव्यास आजचा नव्हे. इंग्लंडमध्ये १८६२ साली नवी शाळा-नियमावली आली आणि शाळेचे अनुदान परीक्षेतील निकालाला बांधले गेले. तपासनीस येई, मुलांना उभे करी. वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. परिणाम व्हायचा तोच झाला: शिक्षक पाठ्यपुस्तके तोंडपाठ करून घेऊ लागले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः सरकारी शाळा-तपासनीस होता. त्यानेच या पद्धतीवर कडाडून टीका केली. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देण्याची रीत होती. इंग्लंडने ती चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सोडली. पण आकड्याला बक्षीस आणि शिक्षा बांधली की आकडा सुधारतो, मूल सुधारतेच असे नाही, हा धडा मात्र दर पिढीला नव्याने गिरवावा लागतो असे दिसते.

लांब कशाला जा? कर्नाटकात दहावीचा निकाल २०२३ साली ८३.८९ टक्के लागला. २०२४ साली तो ७३.४० टक्क्यांवर उतरला. एका वर्षात राज्यातील मुलांची बुद्धी दहा टक्क्यांनी आटली असे कोणी म्हणणार नाही. त्या वर्षी परीक्षेच्या दालनांत कॅमेरे बसवून तेथील दृश्य दूर बसलेल्या अधिकाऱ्यांना थेट दिसेल अशी सोय केली होती. शिवाय ग्रेस गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली, तेव्हा कोठे निकाल तिथवर पोचला. हे दोन शेरे बाजूला ठेवून नुसते दोन आकडे शेजारी मांडले, तर त्यांतून काहीही सिद्ध करता येईल.

शेरा म्हणजे काय, हे आम्ही कारकून होण्याच्या पुष्कळ आधी शिकलो होतो. मंगळवेढे तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही चौथीत होतो. २००० सालच्या आसपासची गोष्ट. ज्वारीच्या सुगीत आमची शाळा तीन आठवडे बुडाली आणि पाठोपाठ आलेल्या चाचणीत आमचे गुण व्हायचे तेच झाले. प्रगतिपुस्तकात लाल शाईच्या रेघा होत्या. पण शेऱ्याच्या जागी गुरुजींनी निळ्या शाईने लिहिले होते: 'सुगीमुळे गैरहजर. मुलगा मंद नाही.' आमचे अण्णा दोन इयत्ता शिकलेले. त्यांनी अक्षरावर अक्षर लावीत ते पाच शब्द वाचले, पुस्तक मिटले, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हांला रानात नेले नाही. त्या दोन वाक्यांनी आम्हांला शाळेत ठेवले, असे म्हटले तरी चालेल. गुणांचा तक्ता एकट्याने बोलला असता, तर त्याने उलट सल्ला दिला असता.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रत्येक अहवालात मोठा शेरा सक्तीचा करा म्हणजे झाले. तोही प्रयोग होऊन गेला आहे. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहावी असे ठरले. हेतू उत्तम होता. थोड्याच काळात प्रत्येक विषयाच्या तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या हातोहाती फिरू लागल्या. शिक्षकाने त्यांतून उचलायच्या आणि उतरवायच्या. याला शिक्षक आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पन्नास-साठ मुलांच्या नोंदी, त्यावर गणना, त्यावर निवडणुकीचे काम, त्यावर रोज नवी माहिती भरण्याचा तगादा अशा अवस्थेत आम्ही तरी काय केले असते? आमच्या कचेरीतही जेव्हा वेळ नसतो तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात 'कार्यवाही चालू आहे' असेच लिहिले जाते. शेऱ्याला जागा लागते त्याहून अधिक फुरसद लागते. आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशेजारी पाच मिनिटे बसावे लागते.

या मासिकाच्या वाचकांत केवळ आमच्यासारखे रकाने भरणारेच नाहीत, रकाने आखणारेही आहेत. कोणी दिल्लीत असतील, कोणी भोपाळला, कोणी इथेच विधानसौधाच्या आसपास. त्यांच्या पुढ्यात एखाद्या दिवशी शाळांच्या अहवालाचा नमुना मंजुरीसाठी येईल. त्यात पंचवीस रकाने असतील आणि सव्विसावा घालण्याचा मोह होईल. त्यांना एका कारकुनाची नम्र विनंती आहे. सव्विसावा घालू नका. पंचविसांतले दहा काढून टाका. त्यांत वाचलेला वेळ शिक्षकाला परत द्या, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवा. तो सक्तीने भरायला लावू नका आणि त्यात तयार वाक्ये घालू नका. तो पुष्कळदा कोरा परत येईल. येऊ द्या. एखादे वेळी त्यात पाच शब्द असतील, आणि कोणाचे तरी अण्णा ते अक्षरावर अक्षर लावून वाचतील.