कवट्यांची नाव

माझ्या उंचीमुळे वर्गातील प्रत्येक भांडणात मित्र मलाच पुढे ढकलतात. म्हणूनच की काय, १५९२ साली छापलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी अद्भुतकथेतील शा वू-चिंग हा धिप्पाड भिक्षु मला वानरवीर सुन वू-कोंगाहूनही प्रिय वाटतो. पूर्वी तो वाटसरूंना भक्षून नऊ कवट्या गळ्यात मिरवीत असे. दीक्षेनंतर त्याच कवट्या एका भोपळ्याभोवती गुंफून नाव झाली आणि भारताकडे निघालेले गुरू नदीपार गेले! सोटा त्याने सर्वस्वी टाकला नाही, हे खरे. पण सोबती फुटू लागले, म्हणजे समजूत घाली तो हाच. अखेर अर्हतपद देताना बुद्धांनी त्याची जी सेवा वाखाणली, तीत गुरूचा घोडा डोंगर चढवून नेल्याचाही उल्लेख आहे.